पदवीनंतरची उमेदवारी : सॉलिसिटरकीच्या वाटेचा थोडा इतिहास



उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, की आमच्या शिक्षकखोलीच्या दाराशी जुने विद्यार्थी येऊन उभे राहतात. हातात पेढ्याचा पुडा असतो आणि तोंडावर आनंदाबरोबर थोडी काळजीही असते. "सर, बी. ए. झालो," "सर, बी. कॉम. झाले." पेढा तोंडात विरघळतो न विरघळतो तोच पुढचा प्रश्न येतो, "आता पुढे काय करू?" बी. एड. करून शिक्षक व्हा, हे उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण मी स्वतः तेच केले. परंतु गेल्या काही वर्षांत दोघातिघांनी मला वेगळाच प्रश्न विचारला. वकील आणि सॉलिसिटर यांत फरक काय, आणि पदवीनंतर सॉलिसिटर व्हायचे कसे? मी इतिहासाचा शिक्षक. ठाऊक नसलेल्या वाटेची चौकशी करायची तर मी आधी विचारतो, या वाटेने पूर्वी कोण कोण गेले? हा लेख त्या चौकशीतून झाला आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. आपल्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयात आपण जो वकील पाहतो तोच अशिलाचे म्हणणे ऐकतो, तोच दावा लिहितो आणि तोच न्यायाधीशांपुढे उभा राहून बोलतो. मुंबईत मात्र इंग्रजांनी आपल्या देशातली दुहेरी पद्धत आणून बसवली. १८६२ साली मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले. मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे अपिलात न येता थेट याच न्यायालयात चालत. त्या विभागाला ओरिजिनल साइड म्हणत. तेथे अशिलाने बॅरिस्टरकडे सरळ जायचे नाही, असा दंडक होता. अशील आधी सॉलिसिटरकडे जाई. त्याला अॅटर्नी असेही म्हणत. सॉलिसिटर त्याचे कागद तपासी, साक्षीपुरावा गोळा करी, प्रतिज्ञापत्रे तयार करी आणि सगळ्या प्रकरणाची बांधणी करून बॅरिस्टरच्या हाती ब्रीफ देई. कोर्टात काळा झगा घालून बोलणारा बॅरिस्टर. पण त्याने काय बोलायचे, याची सामग्री पुरवणारा सॉलिसिटर. शिवाय खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, विश्वस्तपत्रे, भागीदारीचे करार यांचे मसुदे करणे आणि मालमत्तेच्या मालकीहक्काचा मागोवा घेणे, हे त्याचे मुख्य काम. नाशिकात सॉलिसिटर का दिसले नाहीत, याचे उत्तर यातच आहे. ही व्यवस्था मुंबईच्या ओरिजिनल साइडपुरती होती. आपला जिल्हा मुफसल, म्हणजे त्या हद्दीबाहेरचा.

हा धंदा वर्गात बसून शिकायचा नव्हता, ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. मूळ इंग्लंडात १८४३ च्या कायद्यानुसार सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्याने पाच वर्षे एखाद्या सॉलिसिटरच्या कार्यालयात करारबद्ध उमेदवारी करायची. नामांकित विद्यापीठाचा पदवीधर असेल तर तीन वर्षे. पदवीने दोन वर्षे वाचत, उमेदवारी चुकत नसे. अशा उमेदवाराला आर्टिकल्ड क्लार्क म्हणतात. मुंबईतही हीच रीत आली. करार झाला की त्यावर मुद्रांक लागे, आणि १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यात या करारासाठी लिहिलेली रक्कम होती २५० रुपये. प्राथमिक शिक्षकाचा मासिक पगार दोन आकड्यांच्या पुढे जात नसे, त्या काळातली ही गोष्ट. पहिला दिवस उगवण्याआधी सरकारला अडीचशे रुपये द्यायचे, पुढे उमेदवारीची वर्षे घरच्या भाकरीवर काढायची. आणि हे सारे, कोणी सॉलिसिटर तुम्हाला आपल्या टेबलाशी बसवून घ्यायला तयार झाला तर! वाचकहो, खरी मेख या शेवटच्या अटीत होती. परीक्षा अभ्यासाने देता येते. खुर्ची मात्र कोणीतरी द्यावी लागते.

ती खुर्ची पहिल्यांदा मिळवणाऱ्या हिंदी माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. ते म्हणजे कमरुद्दीन तय्यबजी. खंबायतहून मुंबईत येऊन व्यापारात नाव कमावलेल्या मुल्ला तय्यबअली यांचे हे चिरंजीव. सुलेमानी बोहरा घराणे. घरात धर्माचरण कडक. तरीही या व्यापाऱ्याने १८५० च्या दशकात आपला मुलगा विलायतेला पाठवला. सुएझचा कालवा तोवर खुलाही झालेला नव्हता. कमरुद्दीन तेथे उमेदवारी करून सॉलिसिटर झाले. इंग्लंडच्या सॉलिसिटरांच्या पटावर नाव लागलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. परत येऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला.

त्यांचे धाकटे भाऊ बदरुद्दीन यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. राष्ट्रीय सभेचे १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश ते हेच. वडीलभावाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून बदरुद्दीन १८६० साली, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, लंडनला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे अभ्यास अर्धा टाकून त्यांना मायदेशी यावे लागले. पुन्हा जाऊन १८६७ साली ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. आता विचार करा. बॅरिस्टरच्या हातात ब्रीफ पडणार ती सॉलिसिटरच्या हातून. मुंबईत त्या वेळी या धंद्यावर गोऱ्या कंपन्यांचा पगडा होता. अशा ठिकाणी ज्याचा सख्खा भाऊ सॉलिसिटर आहे, त्या तरुणाला केवढा आधार! बदरुद्दीन यांची बुद्धी निर्विवाद होती, पण आधी वाट पाडणारा भाऊ होता हेही विसरू नये. याच दोघा भावांनी इतर धुरीणांबरोबर १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. स्वतः पुढे गेलेल्यांना मागच्यांची आठवण राहिली, म्हणून ती संस्था उभी राहिली. त्याच अंजुमनचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या नावाचे विधि महाविद्यालय आज मुंबईत चालू आहे.

पण ज्याचा भाऊ सॉलिसिटर नाही, वडील व्यापारी नाहीत, त्याचे काय? आणि ती मुलगी असेल तर? याचे उत्तर शोधताना मला मुंबई-लंडनहून परत आपल्याच गावी यावे लागले.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. पंचवटीतून, भद्रकालीतून, दूधबाजारातून आपण रोज जातो-येतो. पण या गावात जन्मलेली एक मुलगी ऑक्सफर्डला कायदा शिकणारी जगातली पहिली स्त्री ठरली, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मलाही चाळिशी जवळ आली तेव्हा कळले, आणि मी इतिहास शिकवतो! वडील रेव्हरंड सोराबजी खर्सेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले; आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढून चालवल्या. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. त्यांच्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. दुसऱ्या एखाद्याने कपाळाला हात लावला असता. या बाईंनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवण्याची नोकरी धरली. पुढे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ साली खास परवानगी काढून त्या बी. सी. एल. च्या परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. पण परीक्षा दिली तरी पदवी नाही! ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० साली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल यानंतरचे. विद्यापीठ संपल्यावर त्या लंडनमधील ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटरांच्या कार्यालयात काम शिकायला बसल्या. सॉलिसिटर म्हणून नाव नोंदवण्याची शक्यता शून्य होती, कारण इंग्लंडात पहिली स्त्री सॉलिसिटर झाली ती १९२२ साली. तरी त्या बसल्या. दस्तऐवज कसा वाचावा, मालकीहक्काची साखळी कशी तपासावी, हे विद्यापीठात मिळत नाही, कार्यालयात मिळते, हे त्यांनी ओळखले होते.

१८९३ मध्ये त्या परत आल्या आणि एकामागून एक दारे ठोठावू लागल्या. मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. केली. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची प्लीडरची परीक्षा दिली. सनद मात्र कोणी देईना. मग त्यांनी सनदेवाचून करता येईल असे काम निवडले. संस्थानांतून आणि मोठ्या जमीनदारांच्या घरांतून पडद्यात राहणाऱ्या शेकडो स्त्रिया होत्या, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. नवरा वारला की इस्टेट कागदोपत्री त्यांची. पण परपुरुषाशी बोलायचे नाही म्हणून वकिलाला भेटता येत नसे आणि कारभारी सांगेल तेथे अंगठा उठवावा लागे. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये या स्त्रियांची कायदेविषयक साहाय्यक म्हणून कॉर्नेलिया यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या प्रांतांतून पालखीने, बोटीने, आगगाडीने फिरून त्यांनी सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांची प्रकरणे हाताळली. त्या पडद्याच्या आत जाऊन बसत, म्हणणे ऐकत, कागद पाहत आणि ते म्हणणे कायद्याच्या भाषेत मांडत. हे सॉलिसिटरचेच काम नव्हे तर काय? पाटी नव्हती एवढेच.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची नोंदणी केली, १९२३ च्या कायद्याने हिंदुस्थानभर स्त्रियांना वकिलीची दारे उघडली, आणि १९२४ पासून त्या कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात रीतसर वकिली करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. राजकारणात त्या इंग्रज राज्याच्या बाजूने राहिल्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. ते मला पटत नाही आणि कदाचित त्यामुळेच आपण त्यांना विसरलो. १९५४ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

खुद्द गांधीजींचे काय झाले पाहा. ते लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत पहिल्याच दाव्यात उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. १८९३ साली त्यांना दक्षिण आफ्रिकेत नेले ते पोरबंदरच्या मेमण व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने. प्रिटोरियात अॅटर्नीच्या हाताखाली त्या पेढीचे हिशेब आणि कागद चाळता चाळता ते खरी वकिली शिकले, आणि दावा शेवटी लवादाने मिटवला. पुढे १९०३ साली जोहान्सबर्गमध्ये त्यांनी नाव नोंदवले ते अॅटर्नी म्हणूनच! त्यांच्या कार्यालयात हेन्री पोलक उमेदवारी करून अॅटर्नी झाले. त्यांच्या चिटणीस सोन्या श्लेसिन यांनी मात्र १९०९ मध्ये अशाच उमेदवारीसाठी अर्ज केला, तेव्हा स्त्री म्हणून न्यायालयाने तो नाकारला. म्हणजे अडथळा नाशिकच्या लेकीपुढे होता तसाच आफ्रिकेतही.

आणि जातीचा अडथळा? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली मुंबईत बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. ओरिजिनल साइडचे काम सॉलिसिटरांच्या हातून येणार, आणि ते हात अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या तरुणाकडे सहसा वळत नव्हते. एवढ्या विद्वत्तेच्या माणसाला अपिलाच्या बाजूवर आणि मुफसल न्यायालयांत काम शोधावे लागले. आपल्या जिल्ह्यातील काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा आपण शिकवतो. ब्रीफ न मिळणे हीसुद्धा बंद दाराचीच गोष्ट आहे, हे मी आता वर्गात आवर्जून सांगतो.

जाता जाता एक गंमत. मुस्लिम कायद्यावरचे 'मुल्ला' हे पुस्तक पाहून लेखक कोणी मौलवीसाहेब असावेत असे अनेकांना वाटते. सर दिनशा फर्दुनजी मुल्ला हे पारशी होते. त्यांनी आरंभ केला तो सॉलिसिटर म्हणून, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९३० साली प्रिव्ही कौन्सिलवर गेले. त्यांच्या नावाची सॉलिसिटर कंपनी मुंबईत आजही आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे मोठ्या माणसांचे सांगता, आम्हाला त्याचे काय? म्हणून घरचे सांगतो. जुन्या नाशकात आमच्या आजोबांनी दोन खोल्यांचे घर घेतले. ज्याने खरेदीखत लिहिले त्याने चतुःसीमा लिहिताना पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल केली. कोणी वाचून पाहिले नाही. आजोबांना वाचताही येत नव्हते. अब्बांच्या काळात शेजाऱ्याशी बोळावरून वाद निघाला तेव्हा ही चूक वर आली, आणि अकरा वर्षे आमच्या घरातली कमाई तारखांवर गेली. माझ्या थोरल्या बहिणीची अकरावी त्यातच सुटली. एका ओळीची चूक!

समाजाच्या पातळीवरही असेच घडले आहे. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की मुख्यतः आपल्याच वंशजांच्या लाभासाठी केलेला आणि धर्मादाय हेतू नावापुरताच असलेला वक्फ वैध नाही. घराघरांतली वक्फनामी एका निकालाने डळमळली. ते सावरण्यासाठी १९१३ चा कायदा यावा लागला, त्याचे विधेयक जिना यांनी मांडले होते. आणि आधीच्या वक्फांना तो कायदा लागू होण्यासाठी पुन्हा १९३० चा. दस्त कसा लिहिला जातो आणि कोर्टात कसा वाचला जातो, याची जाण असलेली माणसे आपल्यात किती आहेत?

आता आजची स्थिती थोडक्यात. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि १९७७ च्या प्रारंभापासून अॅटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला; सगळे अॅडव्होकेट. तेव्हा अनेकांना वाटले, सॉलिसिटर संपले. तसे झाले नाही. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी उमेदवारी आणि सॉलिसिटरची परीक्षा पुढे चालवीत राहिली, आणि करारमदाराच्या, कंपन्यांच्या व मिळकतींच्या कामात त्या बिरुदाला मान राहिला. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. कोणतीही पदवी असो, वाट अशी : राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांची एलएल. बी., त्यासाठी नाशिकातच विधि महाविद्यालये आहेत. मग बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. आणि सॉलिसिटर व्हायचे असल्यास मुंबईतील सॉलिसिटरकडे साधारण तीन वर्षांची उमेदवारी करून सोसायटीची परीक्षा. ती कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. एकदोनदा नापास होणाऱ्याला घरात टोमणे मारू नका. ज्यांना इंग्लंडचे सॉलिसिटर व्हायचे आहे त्यांच्यासाठी तेथे २०२१ पासून नवी दोन टप्प्यांची परीक्षा सुरू झाली आहे. तिच्याबरोबर दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मागतात. कमरुद्दीन यांच्या काळापासून नियम कितीदा बदलले, कार्यालयात बसणे काही सुटले नाही.

पैशाचे म्हणाल तर एक चांगली गोष्ट घडली. सनदेसाठी बार कौन्सिले हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवोदित वकिलांना शहरांत दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी सूचना केली. ती सक्तीची नाही, तेव्हा तेवढे मिळतीलच असे धरून मुलामुलींच्या खोलीभाड्याचा हिशेब करू नका.

शेवटी एक प्रसंग. माझी एक माजी विद्यार्थिनी बी. कॉम. नंतर एलएल. बी. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सॉलिसिटर व्हायचे आहे. तिचे वडील चौक मंडईत किरकोळ दुकान चालवतात. ते मला म्हणाले, "मास्तर, फीचे मी बघतो. पंचवटी एक्स्प्रेसचा पासही काढून देतो. पण मुंबईत तिला बसवून घेणारं हापिस कोणतं? आमचं तिथं कोणी नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी शाळामास्तर, माझेही तिथे कोणी नाही. या स्मरणिकेच्या प्रती दरवर्षी मुंबई, ठाणे, भिवंडीपर्यंत जातात. वाचकांपैकी कोणी सॉलिसिटरच्या कार्यालयात असेल, अथवा तेथे कोणाची ओळख असेल, तर संस्थेच्या कार्यालयात तेवढे कळवावे. मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात आहे.